डाळिंब्या सोलताना

गौरी जेवायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी बहिणी डाळिंब्या सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, सालं ताटलीत, माना खाली. ताई म्हणाली, "उद्या काका येतील दर्शनाला. त्यांना तूच वाढ, फार कौतुक आहे त्यांना तुझं."

"मी त्यांच्यासमोर जाणार नाही."

"का गं?"

हे 'का गं' मी एकवीस वर्षं चुकवत आले होते. कधी डोकं दुखतंय, कधी रजा मिळाली नाही, कधी अडचण आली. त्या रात्री कारणच सुचेना. "त्यांनी माझ्यावर..." एवढं बोलले आणि अडले. पेपरातला 'अतिप्रसंग' म्हणजे पंगतीत जिलबीचा जरा जास्त आग्रह झाल्यासारखं वाटतं. 'अब्रू गेली' म्हणावं, तर माझी का जाईल? शेवटी 'बलात्कार' म्हटलं. माझ्याच आवाजात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हा मी बावीसची होते. पहिली नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. बाबा त्यांना देवमाणूस म्हणायचे.

ताईने विचारलंच, "ओरडली का नाहीस?"

नव्हते ओरडले. अंगावर ओरखडाही नव्हता. म्हणून कितीतरी वर्षं माझा खटला मीच निकालात काढत होते. मग मथुरा खटल्याबद्दल वाचलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, झटापटीची खूण नाही, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं. बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर स्वच्छ लिहिलंय, की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं. ताईला पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

ती काही बोलली नाही. तिच्या बोटांतून वाल निसटत होते, पाण्यात टपटप पडत होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दरवर्षी मीच बोलावत होते गं."

पोलिसांत जाणार का, हे मला अजून कुणी विचारू नये. आईला सांगायचंय, ते जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ते आले, हातात पेढ्यांचा पुडा. ताई उंबऱ्यात उभी राहिली, ती हललीच नाही. स्वयंपाकघरातून मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून त्यांचा अर्धा चष्मा.


"पुडा घेऊन जा," ती म्हणाली.