साडेचार एकरांची रोमाने-काँती

फ्रान्सच्या बर्गंडी भागात डिजाँ शहराहून बोनच्या रस्त्याला लागलं की नुसत्या द्राक्षबागा सुरू होतात आणि अर्ध्या तासात व्होन-रोमाने नावाचं छोटंसं गाव येतं. गावाच्या वरच्या अंगाला बुटकी दगडी भिंत, भिंतीजवळ दगडी क्रूस, आत न शिरण्याची विनंती करणारी पाटी, आणि पलीकडे ती बाग जिच्या वाइनसाठी जगभरचे श्रीमंत लोक रांगेत असतात. रोमाने-काँती. किती मोठी असेल? 1.8 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम साडेचार एकर! आमच्या सांगलीकडे एवढ्या बागेवर कुणाला मोठा बागायतदार म्हणत नाहीत. द्राक्षाची जात एकच, पिनो नुआर, आणि वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या, बस.

पूर्वी ही जमीन सँ-व्हिव्हाँ मठाच्या साधूंकडे होती. 1760 मध्ये काँतीच्या राजपुत्राने ती विकत घेतली आणि वाइन बाजारात जायचीच बंद झाली, सगळी त्याच्या स्वतःच्या पंगतीला. मग राज्यक्रांतीत जप्ती, लिलाव, नवे मालक वगैरे वगैरे.

पण मला खरी गोष्ट वाटते ती पुढची. 19व्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा आला, मुळांवर जगणारी बारीक कीड, तिने फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळवल्या. उपाय एकच सापडला, या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर (म्हणजे मुळाच्या वेलीवर) कलम करायचं, आणि हळूहळू सगळ्यांनी तेच केलं. (आपल्याकडे डॉगरिज खुंट लावतात ते खारं पाणी आणि पाण्याच्या टंचाईसाठी, इथे मात्र कारण ही कीड.) रोमाने-काँतीवाल्यांनी काही ऐकलं नाही, जुन्या वेली स्वतःच्या मुळांवरच ठेवायच्या म्हणून कीड मारायला जमिनीत कार्बन डायसल्फाइड हे रसायन टोचत राहिले, खर्च प्रचंड, मेहनत प्रचंड, पण अनेक दशकं बाग जगवली. दुसऱ्या महायुद्धात ते रसायनही मिळेना आणि माणसंही मिळेनात. 1945 ला कशाबशा 600 बाटल्या निघाल्या आणि मग वेली उपटल्या. 1946 ते 1951 या बागेची एकही बाटली नाही! 1947 ला कलमी वेली लावल्या, त्यांची पहिली वाइन 1952 ची.

त्या शेवटच्या 1945 मधली एक बाटली 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख 58 हजार डॉलरला गेली. लोक हा आकडा ऐकून थक्क होतात, पण ज्याने बाग लावलीये ना त्याला ती रिकामी सहा वर्षं जास्त कळतील, म्हणजे एवढी नावाजलेली जमीन आणि पीक शून्य, तरी घाई नाही.

2010 मध्ये तर एकाने वेलींना विष घालून दहा लाख युरोची खंडणी मागितली होती, पकडला गेला लगेच. आता तिथे मशागतीला घोडेही वापरतात, ट्रॅक्टरने माती दबते म्हणून, आणि 2007 पासून सगळी शेती बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रिय आणि वर चंद्र-ताऱ्यांच्या वेळा पाळून केलेली.

कुणी बागायतदार इकडे येणार असाल तर कापणीला गर्दीत येण्यापेक्षा जानेवारीत या. आपल्यासारख्या एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या इथे नसतात, वेल थंडीत पूर्ण झोपते आणि तेव्हाच एकदा छाटणी. आजूबाजूच्या बागांमध्ये लोक लोखंडी हातगाडी सोबत घेऊन फिरतात, छाटलेल्या काड्या तिच्यातच जाळत पुढे सरकतात, आणि छाटणीबद्दल विचारलंत तर काम थांबवून काडीवरचा कुठला डोळा (नवी फूट येते ती जागा) ठेवला अन् का, ते दाखवतात.