आमची वाटचाल : पुरातून गिटारीच्या पिकांनी तारलेलं दुकान

वडिलांच्या सुरुवातीच्या काळात आमच्या दुकानात गिटार नव्हती. पेटी, तबला, टाळ, मिरजेहून येणाऱ्या तारा आणि सतारीच्या नख्या, एवढ्यावर घर चाललं. गिटार आली ती ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि पुढे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या मागणीनं. मधली वर्षं बरी गेली, त्यांत विशेष सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते २०१९ चं आणि त्यानंतर आमच्यावर जे बालंट आलं त्याचं.

त्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमचं दुकान तेव्हा व्हीनस कॉर्नरजवळ, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर गिटारींचे ब्रिज उचकटलेले, पाठीची प्लाय सुटून लाटेसारखी वळलेली, पेट्यांचे भाते कुजलेले. सरस सुटून लाकूड वळलेल्या गिटारीत परत पहिला सूर येत नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पंचनामा झाला आणि सगळं लाकूड ट्रॉलीत भरून बाहेर काढलं. एकही वाद्य ठेवलं नाही.

त्या दिवशी मदतीला आले ते मामा. शिवाजी पेठेतले, उद्यमनगरात लेथवर कामाला आणि गणपतीत बेंजो वाजवणारे. वडिलांच्या वेळेपासून त्यांची पिकं, म्हणजे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या, आमच्याकडूनच. मिरवणुकीत तासन्‌तास एकाच हातानं तारा छेडायच्या, घामानं पिक सटकायचं, म्हणून त्यांना उठावाची अक्षरं असलेलं नायलॉनचंच पिक लागतं. चिखलात रुतलेला पिकांचा डबा त्यांनीच उपसून काढला. म्हणाले, "मालक, लाकूड गेलं ते गेलं. ह्ये प्लास्टिक हाय, ह्येला काय हुतंय? धुऊन घ्या की." आम्ही दोघांनी घमेल्यात पाणी घेऊन एकेक पिक धुतलं, सुती कापडावर सावलीत वाळवलं. नायलॉन, डेलरिन, सेल्युलॉइड वेगवेगळं केलं. मग टेबल टाकून फक्त पिकं आणि तारा विकायला बसलो. पिकं पुरातून धुऊन काढलेली आहेत हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगूनच विकली.

त्याच सुमारास शहराच्या वरच्या भागात, जिथं पाणी पोचत नाही तिथं, एकानं वाद्यांचं दुकान थाटलं होतं. नाव घेत नाही. गिटारीला तार चढवायला, तारा टेकतात ती नटाची पट्टी घासायला तो आमच्याच काउंटरवर, वडिलांच्या हाताखाली शिकला. त्यानं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "तिकडं जाऊ नका, पुराचा माल विकायला लागलेत." आम्ही कर्ज काढून नव्या गिटारी भरल्या, तरी लोक संशयानंच बघायचे. गारगोटीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. गिटार उचलली, वाजवली नाही, आधी भोकाला नाक लावून ओल येते का हुंगलं. त्यांना बोल लावत नाही. पण कंपनीचं सील माझ्या हातानं फोडलेली गिटार त्यांनी परत स्टँडवर ठेवली, ते अजून सलतं. दिवाळी तशीच गेली. बँकेचा हप्ता थकला, जागामालकानं चावी मागितली. दुकान बंद करायचं घरात ठरत आलं होतं.

वरून त्या दुकानदारानं प्रत्येक गिटारीवर पिकांचं पाकीट फुकट द्यायला सुरुवात केली. पाकिटात सगळी एकाच जाडीची, पातळ, रंग तेवढे वेगळे. पण तिथंच तो कमी पडला. त्याचीच गिऱ्हाइकं काही महिन्यांत माझ्याकडे यायला लागली. "काका, लीड वाजवताना आवाजच निघत नाही." निघणार कसा? गाण्याच्या साथीला नुसते कॉर्ड छेडायला अर्धा मिलिमीटर ठीक, पिक वाकतं, सगळ्या तारा एकसारख्या वाजतात. एकेक सूर वेगानं काढायचा तर वाकलेलं पिक सरळ होईपर्यंत पुढची मात्रा येते. त्याला एक मिलिमीटरच्या वरचंच हवं. लहान, टोकदार, १.३८ चं नायलॉन दिलं की पोराचा चेहरा बदलतो.

जाडी मोजायचा व्हर्नियर मी काउंटरवरच ठेवतो. पिकावर छापलेल्या आकड्यावर विसंबत नाही, मोजून दाखवतो. नवशिक्याला ०.७३ द्यावं, त्यानं कॉर्डही जमतात आणि सूरही. जॅझवाल्यांना जाड आणि गोल टोकाचं, म्हणजे सूर भरीव लागतो. बासवाल्यांना मोठं तिकोनी. हाताला फार घाम येणाऱ्यानं गुळगुळीत सेल्युलॉइड घेऊ नये, खरबरीत डेलरिन घ्यावं. आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून देव्हाऱ्यातल्या उदबत्तीजवळ पिकं ठेवू नका. दुकानदारांनाही हे सांगतो, कारण देवाचा फोटो आणि पिकांचा डबा एकाच फळीवर असलेली दुकानं मी पाहिली आहेत.

काही जण कासवाच्या पाठीचं पिक मागतात. ते मिळणार नाही आणि मिळालं तरी घेऊ नये, त्या कासवाची शिकार आपल्याकडे कायद्यानं बंद आहे. तपकिरी-पिवळी ठिपक्यांची सेल्युलॉइड पिकं त्याचीच नक्कल आहेत. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा ब्रायन मे सिक्सपेन्सच्या नाण्यानं वाजवतो, हे वाचून पोरं रुपया घेऊन येतात. त्याच्या तारा बारीक, हात हलका. आपण जोर लावला तर जाड तारांवरचं वेटोळं झिजतं.

मामांनी पुढं आम्हाला पिक कापायची एक डाय करून दिली. लेथवर स्वतः कातलेली, पाणी दिलेली, धार अजून शाबूत. उद्यमनगरात नायलॉनची शीट मिळते, ती हातानं फिरवायच्या फ्लायप्रेसखाली धरली की पिक तुटून पडतं. मग कड ४०० च्या पॉलिश पेपरवर आणि शेवटी जुन्या डेनिमवर घासायची. कड नीट मोडली नाही तर पिक तारेवर खरडतं आणि माइकमध्ये ते पहिल्यांदा ऐकू येतं. मामांनी मजुरी घेतली नाही. त्यांच्या पथकातल्या सगळ्यांची पिकं आजही आम्हीच करतो, हवी त्या जाडीची.

कर्ज फिटलं. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा आमचा माल वरच्या मजल्यावर होता. वरच्या भागातल्या त्या दुकानदारानं त्या वर्षीही तेच पसरवायचा प्रयत्न केला, पण तोवर त्याच्याकडची पोरंच माझ्या काउंटरवर बसून व्हर्नियर लावायला शिकली होती.

पिक घ्यायला याल तेव्हा जुनं, झिजलेलं घेऊन या. कोणत्या बाजूनं झिजलंय ते बघून तुमचा हात किती तिरका पडतो ते कळतं, त्यावरून पुढचं काढून देतो.