रकाना नंबर २४६

वाचनालयाची कार्यवाह म्हणून माझी निवड झाली त्या सभेला सात माणसं होती, त्यातली तीन चहासाठी थांबलेली. बाई आता रिटायर झाल्यात, घरचं सून बघते, म्हणजे बाईंना वेळच वेळ, असा सगळ्यांचा हिशोब. मीही भिडेपोटी हो म्हणाले. लगेच पुढचा ठराव आला आणि एकमतानं मंजूरही झाला: वाचनालयाचं संगणकीकरण करणे. करणार कोण, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं.

आमचं वाचनालय कृष्णाकाठचं, सांगलीपासून एसटीनं पाऊण तासावर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणाऱ्या हजारो वाचनालयांसारखंच एक, क वर्गातलं. दाखल रजिस्टरात पुस्तकं ११,४००. कपाटात किती, ते देवाला आणि तात्यांना ठाऊक. तात्या म्हणजे आमचे ग्रंथपाल, तीस वर्षं त्याच खुर्चीवर. पण २०१९ च्या ऑगस्टनंतर तात्यांचाही अंदाज चुकायला लागला होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या हॉलमध्ये ते तिसऱ्या फळीला लागलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी गच्च बसली, की पाणी ओसरल्यावर ती काढायला पहार आणावी लागली. दाखल रजिस्टरं तेवढी तात्यांनी आदल्या रात्री डोक्यावरून माळ्यावर नेली होती, म्हणून पुढचं सगळं जमलं.

खरं तर संगणकीकरण एकदा होऊनही गेलं होतं. २००९ साली एका माणसानं पैसे घेऊन अर्धी यादी एक्सेलमध्ये टाइप करून दिली होती. ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि उघडे कंस. माझ्या भाच्यानं एका मिनिटात निदान केलं. टायपिंग जुन्या फॉन्टमधलं, युनिकोड नव्हे. तो फॉन्ट मशिनमध्ये असेल तरच मराठी दिसणार, नाहीतर हा पाला. रूपांतर करून बरंचसं परत मिळालं, पण जोडाक्षरांची आणि रफारांची इतकी मोडतोड झाली होती, की ती निस्तरण्यापेक्षा पहिल्यापासून सुरुवात केलेली बरी.

भाचा पुण्यात कंपनीत आहे. त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर ‘कोहा’ नावाचं वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. फुकट आहे म्हटल्यावर कार्यकारिणीला संशय आला. मग त्यानं समजावलं, की न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी हे तयार झालं, २००० साली सुरू झालं आणि मग जगाला मोकळं करून दिलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. म्हणजे आपल्याकडचा आहेर समजा. एक सदस्य लगेच म्हणाले, “आहेर फेडावा लागतोय बरं का!” त्यांचं बरोबर निघालं. तो फेडायला आमचे दोन उन्हाळे गेले.

आधी पडताळणी. दोन मुलं कपाटातून पुस्तक काढून दाखल नंबर ओरडणार, मी रजिस्टरात खूण करणार. हे काम कंटाळवाणं आहे, एवढंच सांगते.

नोंदी करताना मात्र मजा आली. मला वाटलं होतं, मागच्या बारकोडवर स्कॅनर धरला की माहिती आपोआप येईल. येतेही, पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे छापलेला ओळख-नंबर, असेल आणि दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयानं ते आधी नोंदवलं असेल तर. आमची निम्म्याहून जास्त पुस्तकं त्या नंबराच्या आधीच्या जमान्यातली, आणि ज्यांना नंबर होता त्यांची माहिती आली तरी रोमन लिपीत. मग मोबाइलनं मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा फोटो काढून त्यातली अक्षरं उचलायची युक्ती मुलांनी काढली. छापील मजकूर त्याला बरा कळतो, पण तात्यांचं रजिस्टरातलं अक्षर बघून त्यानं हात टेकले. बोलून टाइप करणं सगळ्यात जलद, फक्त नजर ठेवावी लागते. माझ्या ‘खंड पहिला’चं त्यानं ‘थंड पाहिला’ केलं आणि ते तीन महिने तसंच राहिलं.

स्कॅनर या यंत्राबद्दलही माझा गैरसमज होता. त्याला काही कळत नाही. ‘टिट्’ वाजतं तेव्हा तो फक्त आकडा टाइप करतो आणि एंटर दाबतो, जिथे कर्सर असेल तिथे. एके दिवशी कर्सर भलत्याच चौकटीत राहिला आणि संध्याकाळी बघते तो चाळीस पुस्तकांच्या लेखकाचं नाव ००४५१२ च्या पुढेमागे. बारकोडची लेबलं मागच्या कव्हरवर लावली होती, ती पावसाळ्यात कडेनं सुटायला लागली. पुन्हा सगळी आतल्या पानावर चिकटवली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर चार हजार लेबलं वाचली असती.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी ७,८६० पुस्तकं कॉम्प्युटरवर होती. पुरात गेलेली आम्ही ठराव करून बाद केली. उरलेली कुणाकुणाच्या घरी आहेत ते तात्यांना तोंडपाठ आहे, पण त्यातले निम्मे वाचक आता नाहीत.

उद्घाटनाला नारळ फोडला आणि दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. डेअरीला दूध घालून एक मावशी नेहमीसारख्या आल्या. किटली दारात ठेवली आणि म्हणाल्या, “तात्या, ते सवतीचं द्या. मधी चहा सांडलेलं.” मी तात्यांना हातानं थांबवलं आणि ऐटीत शोधलं: सवत. शून्य निकाल. सवतीचं. शून्य निकाल. तोवर तात्या उठून डाव्या कपाटातून पुस्तक घेऊन आलेसुद्धा. त्याच्या नावात सवत नाही, नवरा नाही, काहीच नाही. नाव एका फुलाचं आहे.

त्या आठवड्यात मी नुसती तात्यांशेजारी वही घेऊन बसले. पुस्तकाचं पूर्ण नाव घेऊन मागणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे ‘वाटणीचं’, ‘कोर्टातलं जाडं’, ‘मागच्या महिन्यात वैनीनं नेलेलं’, ‘रडकं’. नाव माहीत असलं तरी ऱ्हस्व-दीर्घात गाडी अडते. कॉम्प्युटरला एक वेलांटी इकडची तिकडे चालत नाही. एवढं सगळं करून आम्ही अशी यादी बनवली होती, जी फक्त शुद्धलेखनात पहिले आलेल्यांना वापरता येईल. मीच शिकवलेलं गाव आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “अगं मावशी, २४६ आहे की.” ही नोंद करायची पद्धत, मार्क तिचं नाव, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात तयार झाली. तिच्यात प्रत्येक माहितीच्या रकान्याला नंबर असतो. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचं नाव, आणि २४६ म्हणजे त्याच पुस्तकाचं दुसरं नाव. हवी तेवढी दुसरी नावं घाला, शोधात सगळी येतात. तो रकाना मुखपृष्ठावर वेगळं नाव छापलं असेल तर वापरायचा. आम्ही त्यात गाव भरायला घेतलं.

तात्या सांगायचे, मी टाइप करायची. पहिल्या दिवशी ते अवघडलेले होते, तिसऱ्या दिवशी सुटले. सुटले म्हणजे इतके, की मलाच थांबवावं लागलं. एका कादंबरीला त्यांनी दुसरं नाव सांगितलं ते असं: वरच्या आळीतल्या अमक्याच्या पळून गेलेल्या पोरीनं शेवटचं नेलेलं.

“तात्या, हे नाही लिहायचं.”

“का? गाव त्याच नावानं मागतंय.”

“ही यादी आता मोबाइलवर दिसते. त्या पोरीलाही दिसेल.”

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आपल्या दोघांत ऱ्हाऊ द्या.” त्यानंतर आम्ही नियम केला, की पुस्तकात काय आहे ते लिहायचं, कुणी नेलं ते नाही. हा नियम पाळताना कळलं, की तात्यांच्या डोक्यातली निम्मी यादी माणसांचीच होती. ती कॉम्प्युटरवर जाणार नाही, जाऊही नये असं माझं मत आहे. भाच्याचं मत वेगळं आहे.

बाकी वाचनालय बदललंय ते आमच्या कोहामुळे नव्हे. अभ्यासिकेतली पोरं एमपीएससीची पुस्तकं स्वतःची आणतात. त्यांना टेबल, पंखा आणि वायफाय हवं असतं. पेपर वाचायला येणारे म्हातारे कमी झाले, पण नोव्हेंबरात तेच फोन घेऊन रांगेत असतात. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला हवा असतो, आणि आता तो मोबाइलपुढे चेहरा धरून देता येतो. आमच्या खिडकीपाशी उजेड चांगला पडतो म्हणून सगळे तिथेच. “डोळे मिटा, उघडा, हलू नका,” असं तात्या एकेकाला सांगत असतात. देवघेवीच्या टेबलावर त्या महिन्यात पुस्तकांपेक्षा चष्मेच जास्त.

परवा आठवीतली एक मुलगी आली. आजीसाठी हवं म्हणाली, आणि मोबाइल पुढे केला. तिनं घरूनच शोधलं होतं: रडकं. १४ निकाल. मला झालेला आनंद लपत नव्हता.

तात्यांनी चष्मा वर केला, यादी खालपर्यंत बघितली आणि विचारलं, “आजीला कुनी मेलेलं चालतंय का?”

मुलीनं नकारार्थी मान हलवली. तात्या माझ्याकडे वळले. “बघा. आत मरतंय कोन, ते पन लिवा त्यात.”