तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूबचं नाव का सांगत नाही

"तुमचे चट्टे किती कमी झाले! ट्यूब कुठली लावता?" लग्नात, एसटीत, स्टाफरूममध्ये, सगळीकडे हाच प्रश्न. मला सोरायसिस आहे, म्हणजे अंगावर पापुद्र्यांचे चट्टे उठवणारा कातडीचा आजार. मी नाव सांगत नाही आणि लोकांना राग येतो.

मलाही एकदा शेजारच्या काकूंनी असंच नाव सांगितलं होतं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. क्लोबेटासॉल होतं ते, लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यांत जोरदार. आठवड्याभरात कोपरं साफ झाली. मग तेच मी जांघेत लावलं, मनानेच, दोन वर्षं. कोपराच्या जाड कातडीला जे झेपतं ते तिथल्या नाजूक कातडीला झेपत नाही. जांभळे चरे उमटले. आता पांढरे पडलेत, पण गेले नाहीत. घाबरून ट्यूब एकदम बंद केली, तर चट्टे दुपटीनं परत आले.

निरोगी कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, सोरायसिसमध्ये चार-पाच दिवसांतच. म्हणून पापुद्रे साचतात. मूळ दुखणं शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे, त्यामुळे चट्टा दिसेनासा झाला म्हणजे आजार गेला असं नाही. हे कळूनही मी दोनदा औषध सोडलंय. मलमानं चादरी खराब होतात, कंटाळा येतो, आणि अंग स्वच्छ दिसलं की वाटतं, झालं आता.

सध्या मला मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी चालू आहे. आठवड्यातून एकदाच, रविवारी. कालनिर्णयवर लाल गोल करते. हीच गोळी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणंच मंदावतं, जिवावर बेततं. शिवाय ठरावीक काळानं रक्त आणि लिव्हर तपासायचं. मूल हवं असणाऱ्या बाईला तर ही चालतच नाही. आता सांगा, नुसतं नाव सांगून मी तुमचं भलं केलं असतं का?

गेल्या महिन्यात शाळेतल्या नव्या शिक्षिकेनं विचारलं. नुकतंच लग्न झालंय तिचं, पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतलेत. तिलाही नाव सांगितलं नाही. मंगळवारी अर्धी रजा टाकून तिच्यासोबत त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलंत?" तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पर्समधून पिळून चपट्या झालेल्या तीन ट्यूब काढून टेबलावर ठेवल्या.