गंगीच्या वासरीचं वय भरलं नव्हतं

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावकडून लम्पीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगाच्या, बातम्या यायला लागल्या, तेव्हा आमच्याकडे नगर जिल्ह्यात पोळ्याची तयारी चालली होती. पोळा झाला आणि सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले. गोठ्यात दोन गाई, एक कालवड, बैलजोडी आणि गंगीची अडीच महिन्यांची वासरी. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "तिव्यासारखं असंल, तीन दिवसांत उठतं जनावर." तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, तोही डास-चिलटांमुळे पसरतो, पण लम्पी एवढ्यावर सोडत नाही.

लस फुकट मिळाली. शेळ्यांच्या देवी रोगाची, तीच लम्पीसाठी गुरांना देत होते, मानेजवळ कातडीखाली, एक मिली. गावात एकाच सुईने दोन-तीन जनावरं टोचलेली मी पाहिली होती, त्यामुळे मेडिकलमधून पाच नव्या सुया आणून हातात घेऊनच उभी राहिले. दर जनावराला सुई बदलून घेतली. सुईवरूनही रोग जातो, तिथे भीड धरून कसं चालेल? वासरीला मात्र लस दिली नाही. चार महिने पूर्ण हवेत, असं डॉक्टर म्हणाले.

टोचलेल्यांनाही प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस डास, गोमाश्या आणि गोचीड यांच्याशीच लढाई. गोठ्यामागचं डबकं मुरूम टाकून बुजवलं, उकिरडा लांब नेला. निंबोळी आणि करंज तेल साबणाच्या पाण्यात कालवून अंगावर फवारलं, तिन्हीसांजेला कडुनिंबाचा धूर केला. वासरीच्या कोपऱ्याला आत्याबाईंच्या जुन्या साड्या शिवून पडदा लावला.

तरी बाराव्या दिवशी ती पेईना. ताप १०५, नाकातून पाणी. दुसऱ्या दिवशी मानेवर, खांद्यावर गाठी. मी खूप रडले.

तिला लांब खळ्यावर बांधलं. विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टरांनी तापाचं इंजेक्शन आणि जखमा चिघळू नयेत म्हणून अँटिबायोटिक दिलं, बाकी सगळी शुश्रूषा. गंगीचं दूध काढून बाटलीने पाजायचं. आधी निरोगी जनावरांचं आवरायचं, मग हिच्याकडे जायचं, येताना हात-पाय धुऊन कपडे बदलायचे. खांद्यावरची गाठ फुटली तेव्हा पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्याने धुऊन हळद आणि निंबोळी तेल लावत राहिले. माशी बसून अळ्या पडल्या तर वासरू हातचं जातं. शेजारणीने दूध बंद केलं होतं. माणसाला लम्पी होत नाही, दूध उकळून प्यायलं की झालं, हे डॉक्टरांकडूनच तिच्या कानावर घातलं.

अठराव्या दिवशी वासरीने बाटली ढकलून दिली आणि गंगीच्या कासेकडे ओढ घेतली. बाकी पाचांपैकी एकालाही गाठ उठली नाही.

आता ती स्वतः गाभण आहे. खांद्यावर रुपयाएवढ्या जागी केस आलेच नाहीत. वासरू जन्मलं की चार महिने कधी भरतात, ती तारीख मी गोठ्यातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून ठेवते.