आज्जीची खीर आणि काकाचा कावळा

पितृपक्ष आला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या, आमसुलाची चटणी आणि आज्जी-काकाचं भांडण. आजोबांची तिथी अष्टमीची. काका त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकतो, पहाटे आंघोळ करून सोवळं नेसतो आणि मग गुरुजी येऊन जाईपर्यंत घरात कोणी शिंकलं तरी तो वळून बघतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजींना त्या दिवशी तीन घरं होती त्यामुळे साडेबारा वाजले तरी पत्ता नाही, फोन केला की "निघालोच". आणि स्वयंपाकाला मदत करायला ज्या मावशी येतात त्यांचा सहा वर्षांचा मुलगा सकाळपासून किचनच्या दारात बसलेला, शाळेला सुट्टी होती म्हणून त्या घेऊन आल्या होत्या. वडे तळले जातायत, खीर उकळतेय, आणि हे पोरगं नुसतं बघतंय. मागत नव्हतं हां, बघत होतं फक्त. आज्जीने सरळ वाटीभर खीर काढली, दोन वडे ठेवले आणि दिलं त्याच्या हातात. अजून नैवेद्य नाही, पिंड नाहीत, काही नाही.

काकाने बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. आई, सगळा स्वयंपाक उष्टा झाला, बाबांच्या आधी कोणी खाल्लं वगैरे वगैरे. त्या मावशींचा चेहरा आठवला की मला आजही कसंतरी होतं.

आज्जी शांत. तिचं माहेर पैठणचं, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे नाथांची, म्हणजे संत एकनाथांची, गोष्ट तयारच असते. नाथांच्या घरी श्राद्ध होतं, रस्त्याने जाणाऱ्या महाराच्या पोराला स्वयंपाकाचा वास आला, ते आईकडे मागायला लागलं, तर नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्या सगळ्या कुटुंबाला बसवून आधी जेवू घातलं, मग ब्राह्मण रागावून निघून गेले आणि शेवटी पितर स्वतः येऊन पानावर बसले. ही गोष्ट काकाला माहीत नाही असं थोडंच आहे, लहानपणापासून त्याच मांडीवर ऐकलीये त्याने. तो म्हणाला, "ते नाथ होते आई. त्यांच्याकडे पितर आले. आपण कोण?"

तेव्हा मला काकाचा भयंकर राग आला होता. पण आता वाटतं की भांडण श्रद्धा असण्या-नसण्याचं नव्हतंच, दोघांचीही श्रद्धा त्याच नाथांवर, त्याच गोष्टीवर. आज्जीला ती गोष्ट म्हणजे असं वागायचं असतं हे सांगणारी वाटते आणि काकाला ती चमत्काराची वाटते, म्हणजे हात जोडायचे आणि आपण आपलं नियमाने राहायचं. बहुतेक घरांत हेच चालतं बहुधा. नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजल्याची गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आणते, पण आपल्या कावडीला हात लागला की..

संध्याकाळी गच्चीवर काका एकटाच बसला होता. आजोबा गेले तेव्हा तो नोकरीसाठी बाहेरगावी होता, पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं. म्हणाला, "तेव्हा काहीच करता आलं नाही गं. आता वर्षातून एक दिवस सगळं त्यांच्या पद्धतीने व्हावं एवढंच." आता ह्याच्यावर काय बोलणार. मावशींवर ओरडला ते चूकच, ते मी त्याला तेव्हाच सांगितलं, पण त्याचं सोवळं कुठून येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आज्जीला हे सांगितलं तर तिने मला नाथांची दुसरी गोष्ट सांगितली, जी लोक कमी सांगतात. नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा विद्वान, वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाकडेही जेवतात हे त्याला पटेना, तर तो रागावून काशीला जाऊन राहिला. गंमत म्हणजे नाथांनी आपलं मराठी भागवत पूर्ण केलं ते काशीतच, 1573 साली. तर नाथ त्याला आणायला गेले. त्याने अटी घातल्या, प्राकृत पुराण बंद आणि परान्न बंद. आणि नाथांनी त्या चक्क मान्य केल्या! पुढे मुलगा पुराण सांगायला बसला तर ऐकायला येणारे कमी कमी होत गेले आणि त्याचा ताठा उतरला वगैरे पुढची गोष्ट आहेच, पण आज्जी तिथपर्यंत गेलीच नाही. ती म्हणाली, "पोरगं घरी हवं होतं त्यांना."

पुढच्या वर्षी आज्जीने सकाळी आठ वाजताच त्या मुलासाठी पातेलंभर उपमा केला, वेगळ्या गॅसवर. श्राद्धाचा स्वयंपाक नाही म्हटल्यावर काकाला बोलायला जागाच नाही. मग खीर झाली, चांगली घट्ट, काकाने उभं राहून आटवून घेतलेली कारण बाबांना घट्ट लागायची, आणि तिला कोणी हात लावला नाही. आज्जीनेसुद्धा नाही.

आणि मग कावळाच येईना. दोन वाजले. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून काका उन्हात उभा, आणि शेजारी तो मुलगा, उपमा खाऊन एकदम फ्रेश, काकाच्या वरताण आवाजात काव काव ओरडतोय. काका आधी गप्प होता मग तोपण ओरडायला लागला. शेवटी टाकीमागून एक कावळा आला तो त्या मुलालाच पहिला दिसला. कावळ्याने वडा उचलला आणि उडाला, खिरीकडे बघितलंसुद्धा नाही.

काकाचा चेहरा पडला. आज्जी जिन्यात बसली होती, तिथूनच म्हणाली, "अरे त्यांना खीर आवडायचीच नाही कधी. तुला आवडते म्हणून वाटी पुढे ओढून बसायचे."