बारा टाक्यांची फोड

स्वेटर विणणाऱ्या बाईच्या डोक्यात सतत कोणाचं तरी अंग असतं. मुंढा नीट बसेल ना, गळा डोक्यातून जाईल ना, धुतल्यावर बाही लांबणार तर नाही? मुंबईत एवढं सगळं जमवूनही स्वेटर कपाटातच राहायचा. म्हणून मला नाताळच्या झाडावर टांगायचे, लोकरीने विणलेले गोळे आवडतात. ते कोणाच्या अंगात घालायचे नसतात, आणि उकाड्याचंही त्यांना काही नाही.

हे गोळे जगभरच्या विणणाऱ्यांपर्यंत नेले नॉर्वेच्या आर्ने नेरयोर्देट आणि त्याचा स्वीडिश जोडीदार कार्लोस झाक्रिसन यांनी. 2010 साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं, त्यात 55 नमुने. झाडावरचा नेहमीचा गोळा काचेचा. जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तो फुंकून बनवायला सुरुवात केली. तो पडला की संपला. लोकरीचा मांजराने पळवला तरी झटकून परत टांगता येतो.

याला दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया लागतात. चारांवर टाके, पाचवीने विणायचं. सुरुवातीला 12 टाके, म्हणजे प्रत्येक सुईवर तीन. वाढवत वाढवत 48 वर जायचं, मग तसंच घटवत परत यायचं. एकेका सुईवर संत्र्याची फोड तयार होते, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. नक्षी बसवायची ती या फोडीत, आणि डोकं चालवावं लागतं ते इथेच. फोड सगळ्यात रुंद असते तिथेही टाके 12 च. नक्षीला बरोबर मधोमध एक टाका हवा असेल तर ती विषम आकड्यातच बसते. म्हणजे नक्षी 11 टाक्यांची, उरलेला एक टाका दोन फोडींमधलं कुंपण. एवढ्यात रेनडिअर मावत नाही. शिंगं ठेवली तर पाय जातात! मग दोन फोडी जोडून घ्यायच्या आणि गोळ्यावर दोनच रेनडिअर, एकमेकांच्या मागे धावणारे. शिवाय टाका चौकटीच्या कागदासारखा चौरस नसतो, किंचित आडवा असतो. कागदावर डौलदार वाटलेला पक्षी सुईवर बसका होतो.

नवीन काही सुचलं नाही तर नॉर्वेकडे उसने नमुने भरपूर आहेत. सेल्बू गावचं आठ पाकळ्यांचं फूल आहे. 1857 च्या सुमारास मारित गुल्सेट एम्स्टाड या मुलीने ते तिथे पहिल्यांदा हातमोज्यांवर विणलं असं सांगतात. सेटेस्डाल खोऱ्यातल्या स्वेटरांवर काळ्यात एकेक सुटा पांढरा टाका असतो. त्या नक्षीला तिथले लोक सरळ ‘उवा’ म्हणतात. झाडाला उवा टांगायला मला आवडतं.

दोन रंगांत विणताना न वापरलेला धागा मागून जातो. हातमोज्यात तो बोटांना अडकतो. भरतकाम शिकवणाऱ्या बाई तर रुमाल आधी उलटा करूनच बघायच्या. गोळ्याची उलटी बाजू मात्र कायमची आत जाते, कोणी तपासत नाही. फक्त धागा ओढून धरायचा नाही, नाहीतर गोळ्याला सुरकुत्या पडतात.

शेवटी पुन्हा 12 टाके उरले की त्या भोकातून लोकरीचा पिंजलेला भरणा घालायचा आणि टाके ओढून बंद करायचे. उरलीसुरली टोकंही मी आतच कोंबते. पण पांढऱ्या गोळ्यात लाल टोकं कोंबू नयेत, ती बाहेरून दिसतात.